भोगवर्धनचा मार्ग आणि रोमन कांस्य नाणी : चित्र, मोल आणि पारख

आचार्य बुद्धघोषांनी इसवी सनाच्या पाचव्या शतकात सिंहलद्वीपी रचलेल्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात सञ्ञा, विञ्ञाण आणि पञ्ञा या तिहींतील भेद स्पष्ट करण्यासाठी नाण्यांचा एक दृष्टान्त दिला आहे. सराफाच्या फळीवर कहापणांची रास पडली आहे. तिच्याकडे एक अजाण बालक, एक खेडूत आणि एक सराफ असे तिघे पाहतात. बालकाला नाण्यांवरील चित्रविचित्र छाप दिसतात. नाणी लांबट, चौकोनी की वाटोळी एवढेच त्याला कळते. खेडुताला छापही दिसतो आणि या वस्तूला व्यवहारात मोल आहे हेही ठाऊक असते. परंतु खरे कोणते आणि खोटे कोणते हे त्याला सांगता येत नाही. सराफ, म्हणजे पालीतील हेरञ्ञिक, नाणे पाहून, वाजवून, हुंगून, चाखून आणि हातात तोलून पारखतो. ते खरे की खोटे, कोणत्या गावी किंवा कोणत्या नदीकाठी घडले, कोणत्या कारागिराने घडविले, हे तो जाणतो. बालकाचे पाहणे ही सञ्ञा, खेडुताचे जाणणे हे विञ्ञाण आणि सराफाची पारख ही पञ्ञा होय.

हा दृष्टान्त चित्ताच्या व्यापारासंबंधी आहे, नाण्यांसंबंधी नव्हे, हे खरे. तथापि प्राचीन नाण्यांचा अभ्यास कसा करावा याचीही दिशा त्यातून मिळते. प्रस्तुत लेखात रोमन साम्राज्याची कांस्य नाणी आणि त्यांवरील चित्रे यांचा परिचय करून द्यावयाचा आहे. जालना जिल्ह्यातील भोकरदन, म्हणजेच प्राचीन भोगवर्धन, ज्या व्यापारी मार्गाशी जोडलेले होते त्या मार्गाच्या संदर्भात हा विचार करावयाचा आहे. आणि अखेरीस, नाण्यावरील चिन्ह केव्हा बौद्ध मानावे आणि केव्हा मानू नये, या आपल्या दृष्टीने महत्त्वाच्या प्रश्नाकडे वळावयाचे आहे.

भोकरदन : मार्गावरील नगर

केळणा नदीच्या काठी वसलेले भोकरदन आज जालना जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. येथे १९७३ मध्ये नागपूर विद्यापीठ आणि तत्कालीन मराठवाडा विद्यापीठ (१९९४ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ) यांनी संयुक्तपणे उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि डॉ. रा. श्री. गुप्ते यांनी संपादिलेला त्याचा अहवाल १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या वेळी भोकरदन औरंगाबाद जिल्ह्यात होते. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला.

उत्खननात सातवाहनकाळातील समृद्ध वसाहतीचे अवशेष मिळाले. त्यांत सर्वाधिक लक्ष वेधून घेते ती हस्तिदंताची एक खंडित स्त्रीप्रतिमा. इटलीतील पॉम्पेई नगरात १९३८ मध्ये सापडलेल्या भारतीय हस्तिदंती प्रतिमेशी तिचे घडणीत निकटचे साम्य आहे. पॉम्पेई नगर इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडले गेले. म्हणजे ती प्रतिमा त्यापूर्वीच समुद्रापार पोहोचलेली होती. भोकरदन आणि रोम यांची गाठ घालून देणारी वस्तू अशी हस्तिदंताची आहे.

दुसरा पुरावा शिलालेखांचा. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या लेखांत भोगवर्धनच्या रहिवाशांचा उल्लेख येतो. सुत्तनिपातातील पारायनवग्गात बावरीचे सोळा शिष्य तथागतांच्या दर्शनास निघतात, तेव्हा त्यांचा मार्ग पतिट्ठान, माहिस्सति, उज्जेनी, गोनद्ध, वेदिस असा सांगितला आहे. त्या यादीत भोगवर्धनचे नाव नाही. परंतु पैठणहून उत्तरेस उज्जैनीकडे आणि तेथून विदिशेकडे जाणाऱ्या वाटांच्या टापूत हे नगर होते, आणि विदिशेला लागूनच सांची आहे. याच सांचीच्या दक्षिण तोरणावर, तेथील कोरीव काम विदिशेच्या दंतकारांनी केल्याचा लेख आहे. कोरीव कामासाठी त्या लेखात 'रुपकम्म' असा शब्द आहे. हस्तिदंत कोरणारे हात, व्यापाऱ्याची बैलगाडी आणि स्तूपाचे दान हे सर्व एकाच मार्गावर एकत्र येत होते.

बालकाची दृष्टी : नाण्यावरील चित्रे

या मार्गाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या रोमची कांस्य नाणी कशी होती? 'कांस्य नाणी' हा अभ्यासकांचा सोयीचा शब्द आहे. सम्राट ऑगस्टसने इ.स.पू. २३ च्या सुमारास चलनाची नवी व्यवस्था लावली. तीत सोन्याचे ऑरियस आणि चांदीचे दिनारियस ही मोठी नाणी होती. त्यांखाली पितळेचे सेस्टर्टियस व दुपॉन्डियस आणि तांब्याचे आस ही नाणी होती. एका ऑरियसचे पंचवीस दिनारियस, एका दिनारियसचे चार सेस्टर्टियस आणि एका सेस्टर्टियसचे चार आस होत. संस्कृतातील 'दीनार' हा शब्द याच दिनारियसवरून आला आहे. सोने-चांदी श्रीमंतांच्या आणि राज्याच्या मोठ्या व्यवहारासाठी, तर पितळ आणि तांबे भाकरीच्या, दिव्याच्या तेलाच्या, स्नानगृहाच्या शुल्काच्या व्यवहारासाठी वापरात असे. सामान्य माणसाच्या हातात रोज फिरणारे नाणे ते हेच.

सेस्टर्टियस हे नाणे आकाराने मोठे असल्याने त्यावर चित्र कोरण्यास ऐसपैस जागा मिळे. दर्शनी बाजूस सम्राटाचे मुख एका बाजूने दाखविलेले, डोक्यावर पर्णमाला आणि सभोवती त्याचे नाव व पदव्या. मागील बाजूस मात्र चित्रांचे वैविध्य थक्क करणारे आहे. 'एस. सी.' ही दोन अक्षरे तेथे ठळकपणे येतात. सेनेटच्या ठरावाने, असा त्यांचा अर्थ. सत्ता सम्राटाची आणि नाव सेनेटचे, अशी ही व्यवस्था होती.

नीरोच्या एका नाण्यावर जहाजांनी भरलेले ऑस्टिया बंदर दिसते. टायटसच्या नाण्यावर रोममधील विशाल क्रीडागार आहे. हातात कणसे घेतलेली 'अन्नोना' ही देवता रोमच्या धान्यपुरवठ्याचे प्रतीक म्हणून वारंवार येते. राजधानीच्या प्रजेला धान्य मिळत राहील, असे आश्वासन ते चित्र देते. इ.स. ९७ मध्ये नर्व्हा या सम्राटाने इटलीतील प्रजेवर असलेला सरकारी टपालगाड्यांचा भार माफ केला, तेव्हा नाण्यावर गाडीपासून सोडलेली आणि निवांत चरणारी खेचरे कोरण्यात आली. इ.स. ११८ मध्ये हेड्रियनने नव्वद कोटी सेस्टर्टियसची जुनी सरकारी थकबाकी माफ केली. त्या नाण्यावर थकबाकीच्या कागदांना मशाल लावणारा अधिकारी दिसतो. वृत्तपत्रे नसलेल्या त्या काळात राज्यकर्त्याचे म्हणणे घरोघर पोहोचविण्याचे काम नाणे करीत असे.

परंतु याच चित्रमालिकेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेम जिंकून तेथील मंदिर उद्ध्वस्त केले. पुढच्याच वर्षी व्हेस्पासियनने काढलेल्या नाण्यांवर खजुराच्या झाडाखाली शोक करीत बसलेली स्त्री दाखविली आहे. ती स्त्री म्हणजे पराभूत यहुदी भूमी; 'यूदेया जिंकली' असा लेख तिच्याभोवती आहे. जिंकलेल्या लोकांचे दुःख हे जेत्याच्या नाण्याचे अलंकरण झाले. इ.स. ३४८ च्या सुमारास निघालेल्या लहान कांस्य नाण्यांवर, 'सुखाचे दिवस परत आले' अशा आशयाच्या लेखाखाली, घोड्यावरून पडलेल्या शत्रूला भाल्याने भोसकणारा सैनिक दिसतो. त्याच शतकाच्या उत्तरार्धातील नाण्यांवर बंदिवानाला ओढत नेणारा सम्राट किंवा विजयदेवता येते. साम्राज्याने आपल्या सर्वांत गरीब प्रजाजनाच्या हातात ठेवलेले हे चित्र होते. धान्याचे आश्वासन आणि शस्त्राची जरब ही दोन्ही एकाच धातूवर उमटलेली होती.

खेडुताची दृष्टी : मोल कशाचे?

नाण्याच्या मोलाचा प्रश्न आंबेडकरी वाचकाला परका नाही. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१५ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या एम.ए. पदवीसाठी लिहिलेला प्रबंध 'प्राचीन भारतीय व्यापार' या विषयावर होता. महाराष्ट्र शासनाने १९९३ मध्ये प्रकाशित केलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या बाराव्या खंडात तो समाविष्ट आहे. पुढे १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. नाण्याचे मोल धातूत असते की राज्याच्या शब्दात, हा त्या शास्त्रातील मूलभूत प्रश्न आहे, आणि रोमन कांस्य नाण्यांच्या संदर्भात तो अगदी स्पष्टपणे समोर येतो.

रोमन भूगोलकार प्लिनी याने पहिल्या शतकात तक्रार केली की, भारत दरवर्षी रोमन साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्टियस शोषून घेतो. हा आकडा सेस्टर्टियसमध्ये मोजलेला असल्याने पितळेची ती नाणी भारतात येत असावीत, असा समज होण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात सेस्टर्टियस हे येथे केवळ हिशेबाचे परिमाण आहे. एका ऑरियसचे वजन आठ ग्रॅमहूनही कमी होते. तेवढीच रक्कम पितळेत न्यावयाची तर शंभर सेस्टर्टियस लागत. प्रत्येकाचे वजन सुमारे पंचवीस ग्रॅम, म्हणजे अडीच किलोचा भार. आस या तांब्याच्या नाण्यांत तीच रक्कम चारशे नाण्यांची आणि चार किलोंहून अधिक वजनाची होई. असा भार समुद्रापार नेण्यात व्यापाऱ्याचा तोटाच होता.

वजनाहून महत्त्वाचे कारण विश्वासाचे होते. सोन्याचे नाणे वितळवले तरी सोनेच राहते. पितळेच्या सेस्टर्टियसचे मोल मात्र त्यातील पितळेपेक्षा अधिक ठरविलेले होते, आणि ते अधिक मोल रोमच्या राज्यशब्दावर टिकलेले होते. भरुकच्छाच्या किंवा पैठणच्या बाजारात तो शब्द चालत नव्हता. म्हणूनच पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात भरुकच्छ येथे येणाऱ्या मालाची यादी पाहता, सोन्या-चांदीची नाणी स्थानिक चलनाशी अदलाबदलीत नफा देतात असे म्हटले आहे. आणि तांबे, कथील व शिसे हे धातू माल म्हणून येतात, असा उल्लेख आहे. तांबे येत होते ते धातू म्हणून विकण्यासाठी. त्याच ग्रंथात पैठण हे भरुकच्छाहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचे आणि तेथून मौल्यवान दगड व तगर, म्हणजे आजचे तेर, येथून कापड गाड्यांतून भरुकच्छास येत असल्याचे सांगितले आहे.

महाराष्ट्रात रोमन नाणी एकंदरीत थोडीच मिळाली आहेत, त्यांत सोन्याच्या नाण्यांना प्राधान्य आहे आणि कांस्य नाणी अत्यंत विरळ आहेत, याचे कारण वरील विवेचनावरून ध्यानी यावे. रोमन कांस्य धातूच्या इतर वस्तू मात्र येथे येत होत्या. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात मिळालेल्या कांस्य वस्तूंच्या साठ्यात समुद्रदेव पोसायडनची सुंदर मूर्ती आहे. भांडे उपयोगाचे असते, मूर्ती शोभेची असते. परक्या राज्याची मोड मात्र कोणाच्याही उपयोगाची नसते.

प्लिनीनेच सांगितलेली एक कथा येथे उद्बोधक ठरते. वाऱ्याने भरकटून सिंहलद्वीपास पोहोचलेल्या एका रोमन माणसाजवळील दिनारियस तेथील राजाने पाहिले. त्यांवर निरनिराळे चेहरे होते, तरी सर्वांचे वजन सारखे होते. या सचोटीचे राजाला कौतुक वाटले. चेहरा कोणाचा आहे याला त्याच्या दृष्टीने महत्त्व नव्हते; वजन खरे आहे याला होते. भारतात सापडलेल्या अनेक रोमन सुवर्णनाण्यांवर सम्राटाच्या मुखावर छिन्नीचा घाव घातलेला आढळतो. तमिळनाडूतील पुदुकोट्टै येथे १८९८ मध्ये मिळालेल्या पाचशेच्या आसपास नाण्यांपैकी बहुतेकांवर असे घाव आहेत. त्यांच्या कारणाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. पण सम्राटाच्या प्रतिमेला येथे आज्ञेचा मान नव्हता, एवढे त्यावरून निश्चित होते. याउलट काही नाण्यांना भोके पाडून वा कडी लावून ती गळ्यात घातली गेली. दख्खनमध्ये कोंडापूरसारख्या स्थळी रोमन नाण्यांची भाजक्या मातीतील अनुकरणेही मिळाली आहेत, ती बहुधा अंगावर घालण्यासाठीच. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. पुढील काळात व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यांना आपल्याकडे 'पुतळी' म्हटले गेले आणि पुतळ्यांची माळ हा दागिना झाला. परके चित्र अशा रीतीने अलंकार म्हणून स्वीकारले गेले.

चौथ्या-पाचव्या शतकांत मात्र चित्र पालटले. वर वर्णिलेली लहान रोमन कांस्य नाणी तमिळनाडूत करूर, मदुरै या परिसरात आणि सिंहलद्वीपात हजारोंच्या संख्येने मिळाली आहेत. सिंहलद्वीपात तर त्यांची स्थानिक अनुकरणेही घडविली गेली. तेथे बाजाराला सुट्या मोडीची गरज होती आणि ती या नाण्यांनी भागविली. भाल्याने भोसकला जाणारा शत्रू आणि ओढला जाणारा बंदिवान यांची चित्रे भात, तेल, फुले विकत घेणाऱ्या हातांतून फिरत होती. त्यांचा मूळ राजकीय अर्थ तेथे उरला नव्हता. नेमके याच शतकात आचार्य बुद्धघोष अनुराधपूरच्या महाविहारात लेखन करीत होते. त्यांच्या दृष्टान्तातील नाणी रोमन होती असे म्हणण्यास आधार नाही. परंतु ज्या बेटावर तो दृष्टान्त लिहिला गेला, तेथे नाना देशींच्या नाण्यांमधून पारख करावी लागत होती, हे खरे आहे.

नाणे आणि संघ

भिक्खूने सोने-रुपे स्वीकारू नये, हा विनयाचा नियम आहे. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी वेसालीच्या भिक्खूंनी उपोसथाच्या दिवशी काशाच्या पात्रात पाणी भरून ठेवले आणि संघासाठी त्यात कहापण, अर्धा, पाद किंवा मासक घालावा, असे ते उपासकांना सांगू लागले. यस स्थविरांनी त्याला विरोध केला आणि त्या वादातून दुसरी संगीती झाली, असे चुल्लवग्गात सांगितले आहे. लहानात लहान नाणेही त्या पात्रात चालत होते, हा तपशील लक्षात घेण्याजोगा आहे. मोड हा सामान्य उपासकाचा पैसा होता.

महाराष्ट्रातील लेण्यांत दान आणि नाणे यांचा मेळ कसा घातला गेला, हे नाशिकच्या दहाव्या लेण्यातील उषवदाताच्या लेखावरून कळते. क्षहरात राजा नहपानाचा हा जावई. त्याने तीन हजार कहापणांचा अक्षयनिधी दिला. मात्र ती रक्कम संघाच्या हाती न देता कोष्टकांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि एक हजारावर शेकडा पाऊण असे व्याज ठरले. त्यातून वर्षावासातील वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कहापण चीवरासाठी मिळावयाचे होते. त्याच ठिकाणी पस्तीस कहापणांचा एक सुवर्ण, असा विनिमयाचा दरही नोंदविलेला आहे. विणकरांची श्रेणी येथे पेढीचे काम करीत होती आणि तिच्या पतीवर भिक्खूचे चीवर अवलंबून होते.

सराफाची दृष्टी : चिन्हाची पारख

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. रोमन नाण्यांवरील चित्रांचा अर्थ लावणे तुलनेने सोपे आहे, कारण चित्राभोवती लेख असतो. आपल्याकडील नाण्यांवर अनेकदा केवळ चिन्हे असतात : हत्ती, कठड्यातील वृक्ष, चक्र, तीन कमानींचा डोंगर, उज्जैनी चिन्ह. सातवाहनांच्या शिशाच्या, तांब्याच्या आणि पोटिन या मिश्रधातूच्या नाण्यांवर ही चिन्हे नेहमी आढळतात; विदर्भातील तऱ्हाळा येथे १९३९ मध्ये मिळालेल्या सुमारे दीड हजार पोटिन नाण्यांवरही सोंड उंचावलेला हत्ती आणि उज्जैनी चिन्ह आहे. वृक्ष दिसला की बोधिवृक्ष, कमानी दिसल्या की चैत्य आणि चक्र दिसले की धम्मचक्र, असे म्हणण्याचा मोह आपल्याला होतो. या मोहाची परीक्षा तीन उदाहरणांवर करून पाहू.

पहिले उदाहरण मिलिंदाचे. 'मिलिन्दपञ्ह' ग्रंथामुळे आपल्याला परिचित असलेला हा ग्रीक राजा, मिनँडर. त्याची चांदीची जुनी नाणी पहिल्या शतकातही भरुकच्छाच्या बाजारात चालत होती, असे 'पेरिप्लस'मध्ये नमूद आहे. त्याच्या एका लहान कांस्य नाण्यावर आठ आऱ्यांचे चक्र आहे. ते धम्मचक्र असल्याचे अनेकांनी मानले. परंतु नाण्याच्या मागील बाजूस खजुराची फांदी आहे आणि ती ग्रीकांचे विजयचिन्ह होय. म्हणून हे चक्र धम्मचक्र असणे शक्य आहे, सिद्ध नाही, एवढेच म्हणता येते.

दुसरे उदाहरण कुषाण राजा कुजुल कडफिसेस याचे. पहिल्या शतकातील त्याच्या एका तांब्याच्या नाण्यावर सरळसरळ रोमन सम्राटाच्या धर्तीचे मुख आहे. रोमन प्रतिमा भारतीय उपखंडातील सामान्य नाण्यावर उतरल्याचे हे उत्तम उदाहरण. त्याच नाण्यावर खरोष्ठी लिपीत राजाला सत्यधर्मात स्थिर असलेला असे विशेषण आहे. 'धर्म' शब्द आला म्हणून तो राजा बौद्ध ठरतो का? त्या काळी हा शब्द अनेक परंपरा वापरीत होत्या. तेव्हा येथेही निर्णय राखून ठेवणे उचित.

तिसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारला आहे. नहपानाच्या मुखावर तीन कमानींचा डोंगर उमटविलेला आहे. पूर्वीच्या अभ्यासकांनी या चिन्हाला 'चैत्य' म्हटले. परंतु ज्या राजाचे हे चिन्ह, त्याचा नाशिकच्या लेखात 'एकबम्हण' असा गौरव केलेला आहे. आणि त्याच राजाने भिक्खुसंघाला भूमिदानही दिले आहे. हे चिन्ह राजमुद्रेचे आहे; त्यावरून राजाचा किंवा नाणे बाळगणाऱ्याचा धम्म ठरविता येत नाही.

मग निःसंशय बौद्ध नाणे आहे की नाही? अवश्य आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील कुषाण सम्राट कनिष्काच्या तांब्याच्या नाण्यांवर उभे, अभय देणारे तथागत कोरलेले आहेत आणि शेजारी ग्रीक लिपीत 'शाक्यमुनी बुद्ध' असा अर्थाचा लेख आहे. दुसऱ्या प्रकारावर आसनस्थ मैत्रेय असून त्यांचेही नाव लिहिलेले आहे. येथे चित्र आणि लेख परस्परांना दुजोरा देतात. विशेष हे की, ही नाणी तांब्याची आहेत. रोमच्या तांब्या-पितळेवर जेथे जिंकलेली स्त्री रडत बसली होती, तेथे कनिष्काच्या तांब्यावर अभयाचा उंचावलेला हात होता. कनिष्कानेही युद्धे केली आणि त्याच्या नाण्यांवर इतर देवताही आहेत, हे विसरून चालणार नाही. तरी सामान्य माणसाच्या तळहातावर कोणते चित्र ठेवावे, याचा एक वेगळा पर्याय इतिहासात होता, याची साक्ष ही नाणी देतात.

आपले कर्तव्य

एवढी सावधगिरी कशासाठी, असे कोणी विचारील. नाशिकच्या ज्या लेण्यांत चीवरासाठीच्या निधीचा लेख आहे, त्यांना शतकानुशतके 'पांडवलेणी' म्हटले गेले. लेख भिंतीवर होता. तो न वाचता नाव चिकटविले गेले. बौद्ध वारशाची अशी परवड अनेक ठिकाणी झाली आणि त्याची खंत आपण बाळगतो. मग लेख न वाचता, संदर्भ न पाहता प्रत्येक कमानीला चैत्य आणि प्रत्येक चक्राला धम्मचक्र म्हणणे हा त्याच चुकीचा दुसरा प्रकार ठरेल. शिवाय दहा कच्चे दावे पुढे केले की त्यांबरोबर अकरावा पक्का पुरावाही संशयास्पद ठरविला जातो. भोगवर्धनच्या उपासकांचे सांचीतील दान हा पक्का पुरावा आहे. तो दगडावर, त्यांच्याच काळच्या अक्षरांत आहे. त्याला शंकास्पद चिन्हांच्या टेकूची गरज नाही.

यात आपल्या वाचकांनी प्रत्यक्ष करण्यासारखे बरेच आहे. मराठवाड्यात जुन्या वसाहतीच्या टेकाडाला 'पांढरी' म्हणतात आणि तिची माती शेतात नेऊन टाकण्याची रीत आहे. त्या मातीत नाणी, मणी, खापरे निघतात. असे नाणे मिळाल्यास ते चिंच, लिंबू वा आम्ल लावून चकचकीत करू नये. तांब्या-शिशाच्या नाण्यावरील पुटाबरोबर अक्षरेही झिजून जातात. ते वितळवू नये आणि वाटसरू व्यापाऱ्याला विकू नये. कोणत्या गावी, कोणत्या गटात, किती खोलीवर आणि कशासोबत मिळाले, हे लगेच लिहून ठेवावे. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे बंधनकारक आहे. ठिकाण हरवलेले नाणे म्हणजे केवळ धातूचा तुकडा. ठिकाणासह नोंदलेले झिजके शिशाचे नाणेही इतिहासाचे साधन होते.

नाणे बघणारे पुष्कळ आहेत आणि त्याची किंमत विचारणारेही पुष्कळ आहेत. भोकरदनच्या परिसरातील विहारांत, शाळांत आणि अभ्यासमंडळांत नाणे पारखणारे तरुण तयार झाले पाहिजेत. त्यांना ब्राह्मी अक्षरे वाचता यावीत, धातू ओळखता यावा, आणि जेथे पुरावा अपुरा असेल तेथे 'सिद्ध नाही' असे म्हणण्याचे धैर्य असावे. आचार्य बुद्धघोषांनी ज्याला पञ्ञेची उपमा दिली, तो हेरञ्ञिक हाच होय.